दरडीमागचे पाणी

मनुष्य परक्याची पारख करताना दहा वेळा विचार करतो, परंतु घरातल्या माणसांना आपण ओळखतोच असे धरून चालतो. आबांच्या थोरल्या मुलाचा हा भ्रम त्या दिवशी सकाळी एका वहीपासून तुटू लागला.

शाळेच्या एकुलत्या एका खोलीत प्रकल्पाच्या बाईंनी हजेरीची वही उघडून ठेवली होती. तीन वर्षे त्या हा डोंगर चढून येत होत्या आणि तेवढ्या काळात त्यांच्या बुटांचे तळ दोनदा बदलून झाले होते. पाणी, दवाखाना, शाळेला दुसरी खोली आणि खेचरांची वाट रुंद करणे, अशी चार कामे एका मोळीत बांधलेली त्यांची योजना होती. पाण्याची काठी निसटली की मोळी सुटली, कारण बिनपाण्याच्या गावात नर्सही राहत नाही आणि मास्तरही टिकत नाही. आज त्यांची अखेरची फेरी होती.

प्रथम पुरुषांनी अंगठे उठवले. थोरला हा गाव समितीचा अध्यक्ष असल्यामुळे त्याने सही केली आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या. त्याला सारे गाव अध्यक्ष म्हणे, आणि अलीकडे घरातली माणसेही, निराळ्या सुरात का होईना, तेच म्हणत. तदनंतर बायकांची पाळी आली. त्याची बायको, म्हणजे घरातली थोरली सून, पुढे झाली, तिने पेन उचलले आणि आपले नाव सरळ ओळीत लिहून ती बाजूला झाली. तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येकीने सहीच केली. अठरा बायका, अठरा सह्या. अंगठा एकही नाही.

अध्यक्ष वहीकडे पाहतच राहिला. “तू लिहायला कधी शिकलीस?”

“झाली की दोन वर्षं.”

“शिकवलं कुणी?”

“धाकटीनं. पाण्याच्या वाटेवर.”

“पाठीवर पाण्याचा कॅन घेऊन अक्षरं गिरवलीस?”

“कॅन पाठीवर असतो, अध्यक्ष. हात मोकळेच असतात.”

पुरुष हसले. अध्यक्षही हसला, कारण चारचौघांत दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. परंतु दोन डोंगर ओलांडून नदी, पुन्हा तेच दोन डोंगर चढून घर, आणि या उरस्फोडीत ही बाई अक्षरे कुठे बसून गिरवत होती, हा प्रश्न त्याच्या मनात पायात मोडलेल्या काट्यासारखा राहिला.

बाईंनी काम समजावून सांगितले. पुरुषांनी खोलीत आणि बायकांनी अंगणात, आपापल्या माहितीचे गाव जमिनीवर मांडायचे. घरे म्हणजे काड्यापेट्या, वाटा म्हणजे राखेच्या रेघा, आणि जिथे पाणी तिथे निळे बटण. बटणांचा डबा धाकट्या सुनेने आणला होता. ती खालच्या बाजारगावातल्या शिंप्याची मुलगी. लग्नात तिच्या बापाने दिलेल्या त्या डब्याची थट्टा घरात चार वर्षे पुरली होती. आज मात्र साऱ्या गावाला तो डबा कामी आला.

“एकमेकांचं बघायचं नाही,” बाई म्हणाल्या. “मांडून झालं की मग सगळे मिळून दोन्ही बघू.”

“गाव एकच आहे हो बाई,” खेचरवाला, म्हणजे धाकटा मुलगा, म्हणाला. “दोनदा कशाला मांडायचं?”

“बघू या, एकच आहे का ते,” बाई म्हणाल्या.

*

पुरुषांच्या गावात चहाचे दुकान शाळेहून मोठे झाले. त्यावरून थोडी बोलाबोली झाली आणि दुकान तसेच राहिले. घरांच्या वर त्यांनी खडूने एक वर्तुळ काढले. ती आबांची विहीर.

आबा, अध्यक्षाचे आणि खेचरवाल्याचे वडील, भिंतीशी खुर्चीवर बसले होते. दोन बोटे नसलेला उजव्या हाताचा पंजा गुडघ्यावर ठेवून ते त्या वर्तुळाकडे पाहत होते. पन्नास वर्षांपूर्वी, लग्न होऊन वर्षही उलटले नव्हते तेव्हा, आपली तरुण बायको रोज दोन डोंगर पाणी वाहते हे त्यांना पाहवेना. त्यांनी घण उचलला आणि घराच्या वरच्या अंगाला कातळ फोडायला घेतला. अकरा वर्षे ते साठ हात खोल गेले. नवव्या वर्षी वरून एक चीप निखळली आणि खाली छिन्नी धरून बसलेला त्यांचा धाकटा भाऊ तिच्याखाली गेला. त्यानंतरही दोन वर्षे घण थांबला नाही. पाणी लागले नाही ते नाहीच. पण ज्या पुरुषाने बायकोसाठी डोंगर फोडला, त्याच्या घरात मुलगी द्यायला खोऱ्यातली माणसे आपण होऊन येत. दोन्ही सुना त्या विहिरीच्या पुण्याईवर या घरात आल्या होत्या.

“आबा, विहिरीवर बटण ठेवू का?” खेचरवाल्याने विचारले.

“नको,” आबा म्हणाले. “अजून पाणी लागलेलं नाही.”

त्या ‘अजून’ला कुणी हसले नाही. एकच निळे बटण उरले होते ते नदीचे. ती खोलीत मावेना, म्हणून बटण उंबऱ्यावर ठेवावे लागले.

*

अंगणातले गाव निराळेच होते. त्यात चहाचे दुकान नव्हतेच. त्याऐवजी निसरड्या पायऱ्या होत्या, विंचवांची भिंत होती, बाळंतपण अडलेली घरे होती. त्यांच्यावर बायकांनी काळी बटणे ठेवली होती. धाकटीच्या घरावर एक काळे बटण होते. ते तिने स्वतः ठेवले होते.

“आणि पाणी?” बाईंनी विचारले.

आजी, म्हणजे आबांची बायको, जिला सारे मोठी आई म्हणत, तिने काठीचे टोक अंगणाच्या पार कडेला टेकवले. थोरल्या सुनेने निळे बटण नेऊन तिथे ठेवले. सगळ्या बायका एकाएकी आपापल्या हातांकडे पाहू लागल्या.

बाईंनी वही मिटली. मग अत्यंत हळू आवाजात, जणू स्वतःचाच अपराध असावा तशा त्या म्हणाल्या, “मी तीन वर्षं वाट पाहिली की कुणीतरी जवळचं पाणी दाखवेल. योजनेत तासाभराच्या आतलं पाणी लागतं. नदी अडीच तासांवर आहे. उद्या मला कागद पाठवावाच लागणार.”

“मग आमचं नाव कटलं?” थोरलीने विचारले.

“पलीकडच्या खोऱ्यातल्या गावाला जाईल.”

“दवाखानासुद्धा?”

“सगळंच.”

धाकटीला सातवा महिना लागला होता. तिने पोटावर हात ठेवला. दोन वर्षांपूर्वी याच सुमारास नवऱ्याने तिला आपल्याच खेचरावर बसवून खाली न्यायला काढले होते. तिसऱ्या वळणावर मूल झाले आणि पाचव्या वळणावर ते नव्हते. तिचा नवरा पुढे दोर धरून चालत होता. पाचव्या वळणापासून बाजारगावापर्यंत त्याने मागे वळून पाहिले नाही, आणि का पाहिले नाही हे तिला पुरते समजले होते.

ती उठली. एका हाताने कंबर धरून अंगणाच्या कडेपर्यंत गेली, निळे बटण उचलले आणि परत येऊन गावाच्या डोक्यावर, जिथे राखेने दरड दाखवली होती, तिथे ठेवले.

थोरलीने पायाच्या अंगठ्याने ते बाजूला सारले. धाकटीने वाकून पुन्हा जागेवर ठेवले. थोरलीने पुन्हा पाय पुढे केला, तेव्हा धाकटीने बटणावर आपली टाच दाबून धरली.

“शपथ घेतली होतीस,” मोठी आई म्हणाली.

“घेतली होती,” धाकटी म्हणाली. “तेव्हा मला ठाऊक नव्हतं, खेचराच्या पाठीवर बाळंत व्हायचं असतं ते.”

आणि नेमके त्याच क्षणी पुरुष बाहेर आले.

*

खेचरवाला वाकला. “कुणाचं तरी बटण पडलंय.”

“पडलं नाही,” त्याची बायको म्हणाली. “ठेवलंय.”

“इथं? ही तर दरड. इथं कुठलं पाणी? इथं दगड कोसळतात.”

“कोसळत नाहीत.”

“म्हणजे?”

“टाकतात,” धाकटी म्हणाली.

हा एक शब्द अंगणात पडला आणि तिथेच राहिला. दरड ही गावच्या पुरुषांना लहानपणापासून ठाऊक असलेली जागा. तिकडे फिरकू नये, पाऊल पडले की वरून दगड येतात, हे त्यांना त्यांच्या आयांनी शिकवले होते. बापांनी नव्हे, आयांनी. ही गोष्ट आज प्रथमच कित्येकांच्या ध्यानात आली.

अध्यक्षाचा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. चौदा वर्षांपूर्वी हरवलेली शेळी शोधत तो दरडीच्या तोंडापर्यंत गेला होता. वरून आलेल्या दगडाने खांद्याचे हाड मोडले, ते वाकडेच सांधले. त्याने सावकाश बायकोकडे मान वळवली.

“तो दगड...”

“मी तुम्हाला मारला नव्हता,” थोरली म्हणाली. “तुमच्या बाजूला टाकला होता. तुम्ही बाजूला सरकलात.”

“तू!”

“त्या दिवशी पहारा माझा होता. मी काय करणार? नेम बरोबर होता. तुमचीच सवय वाईट, नको तिथं पुढं व्हायची.”

“चार महिने माझा खांदा शेकत होतीस! रोज संध्याकाळी रडत होतीस!”

“मग? रडू पण नको का? माझाच नवरा होता.”

कोणीतरी हसू दाबले, ते फुटले, आणि क्षणभर सारे अंगण हसले. अध्यक्ष मात्र हसला नाही. चौदा वर्षे ज्या घावाला तो दैवाचा फटका समजत आला, तो फटका रोज त्याच्याच शेजारी निजत होता.

“मी नदीवरून इतक्यांदा गेलो,” खेचरवाला पुटपुटला. “तिथं कधी एक बाई दिसली नाही.”

“मग कधी विचारलं का नाहीस, भावजी?” थोरली म्हणाली.

“वाटलं, तुम्ही येऊन गेला असाल.”

“चाळीस घरांतल्या बायका रोज येऊन गेल्या, आणि वाळूवर एक पाऊल नाही. धन्य आहे.”

तेवढ्यात हसणे दारापासून विझत आले. पुरुष एकेक करून बाजूला होत होते. आबा खोलीतून बाहेर येत होते.

*

मोठ्या आईने या क्षणाची भीती पन्नास वर्षे बाळगली होती. आता तो आला तेव्हा तिला भीती वाटली नाही. ती फक्त मांडलेल्या गावाच्या कडेला, राखेतच बसली.

आबांनी बटणाकडे पाहिले. “किती लांब?”

“इथून अर्धा तास,” ती म्हणाली.

“बारमाही?”

“एकदाही आटलं नाही.”

“तुला कधीपासून ठाऊक?”

“लग्नाच्या तिसऱ्या महिन्यापासून. सासूबाईंनी दाखवलं.”

आबांचे ओठ हलत होते. ते महिने मोजत आहेत हे तिला कळले, आणि हिशेब कुठे जाऊन थांबणार हेही कळले.

“मी पहिला घाव घातला तो पाचव्या महिन्यात,” आबा म्हणाले.

“हो.”

“म्हणजे तुला तेव्हाच...”

“हो.”

“आणि तू मला न्याहारी आणून द्यायचीस. विहिरीच्या काठावर बसून बघायचीस.”

“हो.”

“का?” हा शब्द मोठा नव्हता, परंतु अंगणातली शेवटची बाईसुद्धा दचकली.

मोठी आई खाली पाहूनच बोलू लागली. “गावाशेजारी पूर्वी एक झरा होता, तुमच्या वडिलांच्या वेळचा. सासूबाई सांगायच्या. पुरुषांनी तो ताब्यात घेतला. भिंत घातली, पाळ्या लावल्या. आधी जनावरं, मग वरची आळी, मग ज्याची काठी मोठी तो. बायकांना उरायचा तो चिखल. भांडणात कुणीतरी झऱ्याचं तोंड फोडलं आणि पाणी गेलं ते गेलंच. मग दरडीतलं हे सापडलं तेव्हा बायकांनी शपथ घेतली, पुरुषाला सांगायचं नाही. त्याला पाणी दिसलं की तो आधी वाटे पाडतो.”

“मी तसा होतो?”

“नव्हता. पण मी तीन महिन्यांची सून. तुम्ही कसे आहात हे मला कुठं माहीत होतं? आणि...” ती अडखळली. “नदी अडीच तास लांब, झरा अर्धा तास. मधला वेळ आमचा होता. तेवढाच. तिथं कुणी हाक मारत नव्हतं.”

“मग मी खणायला लागलो तेव्हा सांगायचंस. एका वर्षानं. दोन वर्षांनी.”

“तुम्ही मला विचारलंत का, विहीर हवी का म्हणून? घण उचललात आणि निघालात. गाव तुमचं कौतुक करायला लागलं. मी म्हणायचे, आज थकतील, उद्या थकतील.”

“आणि तो गेला तेव्हा?”

हे ऐकण्यासाठी कोणीच तयार नव्हते. खेचरवाल्याने तोंड फिरवले. चुलत्याचे नाव न घेता या घराने एकेचाळीस वर्षे काढली होती.

मोठ्या आईने मान वर केली. “चौथ्या दिवशी मी सांगायला आले होते. शपथ गेली खड्ड्यात, म्हटलं, आता सांगायचंच. तुम्ही विहिरीच्या काठावर बसला होतात. मी तोंड उघडायच्या आधी तुम्ही म्हणालात, आता थांबता येणार नाही, नाहीतर तो फुकट गेला. आठवतं?”

आबांना आठवत होते.

“त्यावर मी काय सांगू? की तो पहिल्या दिवसापासूनच फुकट जाणार होता? ते शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. नंतर निघण्यासारखे राहिलेच नाहीत.”

आबांनी तीन बोटांचा पंजा काठीवर आवळला आणि पाऊल उचलले. अध्यक्ष त्यांना धरायला पुढे सरसावला, पण आबांनी त्याला दूर सारले.

“दाखव,” ते बायकोला म्हणाले. “चल, मला दाखव.”

*

बायका पुढे आणि पुरुष मागे, अशी रांग या गावातून कधी निघाली नव्हती. दरडीच्या तोंडाशी पुरुषांची पावले जड झाली. कित्येकांनी वर पाहिले. कड्याच्या काठावर मुठीएवढे, डोक्याएवढे दगड आकारमानाप्रमाणे नीट रचून ठेवलेले होते. अध्यक्षाने त्या राशीकडे पाहून दुसरा खांदा आवळून घेतला.

आत कातळाला एक चीर होती आणि चिरेतून मनगटाएवढी धार पडत होती. परंतु पुरुषांना धारेआधी दुसरेच दिसले. बसून बसून गुळगुळीत झालेला सपाट खडक. चिरेत खोचलेल्या फण्या. भिंतीवर कोळशाने गिरवलेली अक्षरे, खाली वेडीवाकडी, वर जाता जाता सरळ होत गेलेली. दोन खडकांमध्ये बांधलेली कापडाची झोळी. जणू एखाद्याच्या घरात न विचारता शिरल्याप्रमाणे ते पुरुष दारातच खोळंबले, आणि एकाने तर पायातले बूटही काढले.

आबा धारेपाशी गेले. ओंजळ धरली. बोटे कमी असल्याने पाणी गळत होते, म्हणून त्यांनी तोंडच धारेला लावले. प्यायले. थांबले. पुन्हा प्यायले.

“हेच,” ते म्हणाले.

“काय हेच?” खेचरवाल्याने विचारले.

“पाहुण्यांना मी सांगायचो, आमच्या नदीचं पाणी गोड आहे.” त्यांनी ओल्या हाताने तोंड पुसले. “मी नदीचं पाणी कधी प्यालोच नाही. जन्मभर हेच प्यालो. विहीर खणतानासुद्धा हेच पाणी पिऊन खणत होतो.”

ते खडकावर बसले. जवळ यावे की येऊ नये, या विचारात मोठी आई चार पावलांवर उभी राहिली.

बाईंनी घड्याळ लावून कॅन भरून पाहिला. अर्ध्या मिनिटात भरला. त्यांनी पुन्हा भरून पाहिला, कारण त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. “पुरेल,” त्या म्हणाल्या. “दवाखाना, शाळा, सगळ्याला पुरेल. पाणी गावाच्या वर आहे, पंपसुद्धा लागणार नाही.”

अध्यक्षाला कंठ फुटला. “मग आधी इथं भिंत घालू. दाराला कुलूप. वरच्या आळीची पाळी सकाळी, खालच्या आळीची दुपारी. जनावरांसाठी वेगळं...”

अठरा बायकांनी एकमेकींकडे पाहिले. थोरलीने एक सुस्कारा सोडला.

“ऐकलंत?” मोठी आई नवऱ्याला म्हणाली.

“ऐकलं,” आबा म्हणाले. मग थोरल्या मुलाकडे वळून, साऱ्या गावादेखत, “तू गप्प बस.”

“पण आबा, समितीचा अध्यक्ष या नात्यानं...”

“ज्यांनी राखलं, समिती त्यांची. बाई, तुमच्या वहीत अठरा सह्या आहेत. तेवढ्या पुरतात का?”

“पुरतात,” बाई म्हणाल्या. “पण सगळ्यांनी हो म्हटलं पाहिजे.” त्या थोड्या घुटमळल्या. “आणि पाणी साठवायला टाकी लागेल. कातळातली असेल तर उत्तम. झऱ्याच्या खाली, घरांच्या वर. सिमेंट इतक्या उंचावर आणायचं म्हणजे आणखी दोन वर्षं जातील.”

तशी जागा गावात एकच होती. सगळ्यांनी आबांकडे पाहिले. बाईंनीही.

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिचा नवरा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. “तू मला तरी सांगायचंस,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“पाचव्या वळणावर तू मागे वळला असतास,” ती म्हणाली, “तर सांगितलं असतं.” त्याने तिच्या हातातला रिकामा कॅन काढून घेतला आणि धारेखाली धरला.

आबांनी बायकोला हाक मारली. ती आली आणि गुळगुळीत खडकावर, पन्नास वर्षांच्या आपल्या जागी बसली.

“भावाचं मला माफ करता येत नाही,” ते म्हणाले. “तुला नाही, आणि मलाही नाही.”

“मी मागितलंही नाही.”

“पण तेव्हा विचारलं नव्हतं, ते आता विचारतो.” ते तिच्याकडे वळले. “विहीर हवी का तुला?”

मोठ्या आईने फण्यांकडे, झोळीकडे, कोळशाच्या अक्षरांकडे पाहिले. मग धाकटीच्या पोटाकडे पाहिले. “तुमचा भाऊ तहानलेलाच वर आला होता हो,” ती म्हणाली. “शेवटी पाणीच मागत होता. त्या जागी पाणी आलं तर मला हवंच आहे.” तिने डोळे पुसले नाहीत. “पण पाणी दारात आलं की आम्ही बसायचं कुठं?”

अध्यक्षाने तोंड उघडले आणि बायकोकडे पाहून मिटले.

“इथंच,” आबा म्हणाले. “पाणी खाली जाईल, जागा कुठं जाते? रोज अडीच तास येऊन बसा. सांगा, धारेची देखरेख करतोय. आहेच ते समितीचं काम.”

“आणि पुरुष आले तर? आता तर सगळ्यांना वाट कळली.”

आबा काठीचा आधार घेऊन उठले. दरडीच्या तोंडावरचा कडा चढून गेले. रचलेल्या राशीतला डोक्याएवढा एक दगड त्यांनी तीन बोटांच्या पंजाने उचलला, हातात तोलून पाहिला, आणि रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या थोरल्या मुलाकडे पाहत तो काठावर, अगदी कडेला, ठेवला.

“पहारा माझा,” ते म्हणाले. “मला दगडांची सवय आहे.”